गाडी सुटत नाहीये

चाकाला थेट हात लावायचा नाही. हाताची पाठ वीतभर अंतरावर न्यायची आणि क्षणभर थांबायचं. धग कळते. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा जास्त तापते, ते ठीक. पण जोडीतली डावी-उजवी चाकं सारखी लागली पाहिजेत. एखादं वेगळं लागलं, तर कारण कळल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. हे मला माझ्या वडिलांनी, अण्णांनी, दापोलीच्या एस.टी. डेपोत शिकवलं, मी तेव्हा पाचवीत होतो. अण्णा तीस वर्षं एस.टी.वर ड्रायव्हर होते. घाट उतरून आलेली गाडी फलाटाला लागली की पाणी पिण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारायचे. प्रवासी टपावरचं सामान उतरवत असायचे, कंडक्टर पैसे मोजत असायचा, आणि अण्णा कुणाशी न बोलता एकेका चाकापाशी वाकून ती फेरी पुरी करायचे.

पुढे माझ्या हाती स्वतःची गाडी आली आणि ही फेरी मी विसरून गेलो. गेल्या ऑक्टोबरात ती परत घालावी लागली, कुंभरोशीच्या फाट्यावर, धुरात उभं राहून.

अण्णांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात ठरलं होतं. सकाळी नऊची वेळ. आदल्या दिवशी हर्णैहून निघायचं, वाईला आत्याकडे मुक्काम करायचा आणि पहाटे उठून पुणं गाठायचं, असा बेत होता. आम्हाला जवळचा रस्ता ताम्हिणीचा. पण आत्या अण्णांपेक्षा सहा वर्षांनी मोठी, गुडघ्यांमुळे तिला आता प्रवास झेपत नाही, आणि ऑपरेशनच्या आधी बहिणीच्या पाया पडून जायचं अण्णांनी मनात धरलं होतं. म्हणून खेड, पोलादपूर, महाबळेश्वर, वाई असा लांबचा रस्ता धरला.

गाडी जूनच्या पहिल्या आठवड्यापासून हर्णैच्या घरी, पडवीला लागून असलेल्या पत्र्याखाली उभी होती. मीच ती तिथे लावली होती. चिखलाने माखली होती म्हणून धुतली, तशीच ओली आत घेतली, हँडब्रेक ओढला, किल्ली खुंटीला अडकवली आणि रात्रीच्या बसने पुण्याला गेलो. सगळा पावसाळा ती त्याच जागी होती. समुद्र आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. खारा वारा आमच्याकडे कशालाच सोडत नाही. खिडकीचे गज खातो, सायकलची चेन खातो, विहिरीवरच्या पंपाचे बोल्ट दोन वर्षांत असे धरतात की पाना घसरतो पण बोल्ट हलत नाही. गाडीच्या ब्रेकने काय मोठं पाप केलं होतं की त्याला वगळावं!

सकाळी सातला इंजिन सुरू झालं, पण गाडी हलेना. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की मागची बाजू खाली दबायची आणि इंजिन घरघरायचं. अण्णा ओट्यावरून म्हणाले, "लायनरनी ड्रम धरलाय. रेटू नको."

ब्रेकच्या शूवरच्या ओल्या लायनरमध्ये आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या ड्रममध्ये गंज धरतो. हँडब्रेक ओढलेला असला की दोन्ही एकमेकांना घट्ट लागूनच वाळतात आणि गंज त्यांना सांधून टाकतो. जोर करून गाडी पुढे काढली तर कधी लायनर शूपासून उखडतो आणि आतच अडकून बसतो. अण्णांनी दोन्ही मागची चाकं काढायला लावली. ड्रमवर फणसाच्या लाकडाचा तुकडा धरून मी त्यावर हातोडीचे ठोके देत गेलो, जरा जरा जागा बदलत. पाचव्या-सहाव्या ठोक्याला आतून टक् असा आवाज आला आणि ड्रम हाताने फिरला. दुसरी बाजू आणखी लवकर सुटली.

गाडी लांब मुदतीसाठी उभी करायची तर हँडब्रेक लावायचा नसतो. धुतल्यावर मैलभर चालवून, चार-दोनदा ब्रेक दाबून आतलं पाणी वाळवायचं, मग गिअरमध्ये टाकून चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यायचे. हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी बस चुकेल म्हणून मी ते केलं नाही.

मागची चाकं मोकळी झाली आणि आम्हाला वाटलं, काम झालं. पुढच्या चाकांकडे कुणी वाकून बघितलं नाही. ती फिरत होती.

दापोली सोडल्यावर दोन्ही अंगांना भातकापणी चालू होती. कापलेल्या शेतात उडव्या रचलेल्या, खळ्यावर झोडणीचा आवाज, हवेत वाळल्या पेंढ्याचा वास. पाऊस जाऊन ऊन तापायला लागलेले हे आठ-पंधरा दिवस कोकणात फार सुंदर असतात आणि अंगाला तेवढेच असह्य. अण्णा काच खाली करून बसले होते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालेलं, डाव्याने त्यांना तेव्हा फक्त उजेड-अंधार कळायचा. खेडच्या अलीकडे एका उतारावर मी अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि त्यांनी मान वळवली.

"गाडी सुटत नाहीये रे."

उतारावर पाय काढला की गाडीने आपसूक धावलं पाहिजे. आमची गाडी कुणी पदर धरून ठेवावा तशी मागे रेंगाळत होती. मी म्हणालो, पेट्रोल चार महिन्यांचं शिळं आहे, टाकीतलं संपलं की होईल नीट. अण्णा पुढे काही बोलले नाहीत. मुलगा चालवत असला की ते बोलत नाहीत. हा त्यांचा चांगुलपणा त्या दिवशी महागात पडला असता.

भरणे नाक्याला महामार्गाला लागलो. कशेडीला आता बोगदा झाला आहे. बोगद्यातल्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरची मूठ सैल केली तर गाडी डावीकडे ओढत होती. ही दुसरी सूचना. मी ती चाकातल्या हवेवर ढकलली. पोलादपूरला चहासाठी थांबलो तेव्हा अण्णांना खाली उतरायचं होतं, दाराच्या कडीवर त्यांनी हातही ठेवला. मीच म्हणालो, "बसा, चहा इथेच देतो, महाबळेश्वरला निवांत उतरू." त्यांनी हात काढून घेतला. ते उतरले असते तर त्यांनी फेरी मारली असती. या प्रवासातली माझी सगळ्यात मोठी चूक जूनमधला हँडब्रेक नव्हे, ही आहे.

आंबेनळी घाट पोलादपूरपासून महाबळेश्वरपर्यंत साधारण चाळीस किलोमीटर चढत जातो. वळणं अरुंद, एका बाजूला दरडीचा ओला लाल कातळ, दुसरीकडे झाडीने भरलेली दरी. ऑक्टोबरअखेर धबधबे बारीक झालेले असतात, पण बांधाकडेला सोनकीचा पिवळा रंग टिकून असतो. मी दुसऱ्या गिअरवर चढत होतो आणि इंजिन नेहमीपेक्षा जास्त कण्हत होतं. मग वास आला. तापल्या तव्यावर राळ सांडावी तसा कोरडा, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. ब्रेकच्या पॅडमध्ये खरोखरच राळेसारखी द्रव्यं असतात आणि तीच जळत असतात. क्लचचा वास जवळपास असाच, म्हणून फसायला होतं. चढावर वास आला की कुणीही क्लचच म्हणेल, चढावर ब्रेक कोण दाबतो? मीही तेच म्हणालो. पण क्लचचा वास क्लच सोडून थोडं अंतर गेलं की विरतो. हा वळणागणिक वाढत गेला.

"फाट्यावर घे," अण्णा म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज ड्रायव्हरचा होता.

कुंभरोशीला प्रतापगडाचा रस्ता फुटतो. शिवरायांनी 1656 साली बांधून घेतलेला तो गड, 10 नोव्हेंबर 1659 ला ज्याच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली, तो इथून डोळ्यांसमोर उभा असतो आणि सहलीच्या गाड्या इथे थांबतातच. मी एका टपरीच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि ब्रेक दाबला. पेडल गेलं. पायाला काही लागलंच नाही. पाण्यात पाय सोडावा तसं ते तळापर्यंत खाली गेलं आणि तिथेच राहिलं.

"गिअर," अण्णा म्हणाले. एवढाच शब्द.

चढ होता. वेग आधीच कमी होता. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला, गाडी आचके देत बंद पडली आणि थांबली. मी उडी मारून मागच्या चाकांना दगड लावले. पुढच्या डाव्या चाकातून निळसर धूर निघत होता, रिमच्या भोकांतून आत पाहिलं तर डिस्कवर मोरपंखी-जांभळी झाक चढलेली. टपरीवाले दादा धावत आले, हातात पाण्याची बादली.

"पाणी नको!" अण्णा गाडीतूनच ओरडले. डेपोत इकडून तिकडे ऐकू जायचा तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. "लोखंड फुटेल. कुणी चाकासमोर उभं राहू नका."

काही शे अंशांपर्यंत तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलं की जिथे पडतं तिथला भाग झटकन आकसतो, बाकीचा तसाच राहतो, आणि डिस्क वाकते किंवा तिला चीर जाते. टायरमधली हवाही तापलेली असते, तो फुटला तर समोरच्या माणसाला गंभीर इजा होते. खाली वाळकं गवत असेल तर ते आधी बाजूला करायचं. आम्ही ते केलं. दादांनी बादली बाजूला ठेवली, ज्वाळा दिसली तरच वापरायची म्हणून, आणि अण्णांना बाकडं आणून दिलं.

अण्णा बाकड्यावर बसले नाहीत. गाडीला धरून धरून त्यांनी फेरी मारली. मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं: प्रत्येक ठिकाणी हाताची पाठ पुढे. मग मला म्हणाले, "आता तू." तीन चाकांची धग भाकरीच्या कडेसारखी होती, सहन होणारी. चौथ्यापाशी मला हातभर अंतरावर थांबावं लागलं.

तासाभरात धूर थांबला. मी आत बसून पेडल दाबून पाहिलं. ते वर आलं होतं! टणक, नेहमीसारखं. मला हायसं वाटलं. घड्याळात पावणेबारा झाले होते. मी म्हणालो, "अण्णा, पेडल आलं. हळूहळू जाऊ."

"आलेलं पेडल परत जातं," ते म्हणाले.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, बंद डब्यात असलं तरी रबरी नळ्यांमधून थोडी थोडी ओल आत येतच राहते. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. डॉट 3 प्रतीचं नवं ऑइल किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा 140 वर येते. डॉट 4 ची हीच मर्यादा 230 वरून 155 पर्यंत घसरते. म्हणूनच साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. आमचं चार वर्षांत बदललेलं नव्हतं. चाकापाशी ते उकळलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर तिथेच जिरतो. गार झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल निर्दोष असल्यासारखं वर येतं. माणूस फसतो तो इथे. अण्णा म्हणाले, त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत वरंध्याच्या घाटात एक ट्रक असाच थांबला होता, पेडल आलं म्हणून ड्रायव्हर निघाला. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तेवढ्यात एक पिकअप थांबला. मागे प्लास्टिकच्या क्रेटमध्ये स्ट्रॉबेरीची रोपं, ओल्या गोणपाटाने झाकलेली. लागवडीचे शेवटचे दिवस होते, रोपं उन्हात ठेवणं परवडणारं नव्हतं, तरी तो तिशीतला ड्रायव्हर गाडी सावलीत लावून उतरला. "काय झालं बाबा?" त्याने अण्णांना विचारलं, मला नाही. कुणाला विचारायचं ते त्याला बरोबर कळलं.

चाक गार झाल्यावर जॅक लावला, नट काढायच्या आधी चाक हाताने फिरवून पाहिलं. फिरेना. कॅलिपरच्या मागे हवा काढायचं निपल असतं, ते अण्णांनी पाव आटा सैल करायला लावलं. याचं कारण सोपं आहे. कधी कधी रबरी नळी आतून सुजते, ऑइल चाकाकडे जाऊ देते पण परत येऊ देत नाही. तसं असतं तर निपल उघडताच ऑइल पिचकारीसारखं उडालं असतं आणि चाक सुटलं असतं. आमच्या निपलमधून दोन-चार थेंब ओघळले, कोऱ्या चहाच्या रंगाचे, आणि चाक होतं तसंच राहिलं. म्हणजे नळी नव्हे, कॅलिपरच धरला होता.

डिस्कच्या ब्रेकमध्ये पॅड मागे ओढायला ड्रमसारखी जाड स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी काठाचं एक रबरी कडं असतं. पेडल दाबलं की ते पिस्टनबरोबर किंचित पिळवटतं, पाय काढला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. आणि सगळा कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर इकडे-तिकडे सरकत असतो, त्यामुळे आतला-बाहेरचा पॅड सारखा दाबला जातो. एवढ्या नाजूक हालचालीवर हे सगळं चालतं. आमच्या खालच्या पिनेवरचं रबरी बूट एका बाजूने चिरलं होतं. त्या चिरेतून हर्णैची हवा आत गेली होती. पिकअपवाल्याने वरची पिन बोटाने सरकवली, खालची पान्याने फिरवत, ठोकत बाहेर काढली तर तिच्यावर पेराएवढा गंज, मक्याच्या कणसासारखा खडबडीत. या एका पिनेपायी पॅड डिस्कला घासत राहिला होता, घरापासून इथपर्यंत, उतारावर, बोगद्यात, चढावर, मी ब्रेकला पायही न लावता.

दादांनी टपरीतून पॉलिश पेपरचा तुकडा आणला. पिन घासून साफ केली. पिकअपवाल्याकडे ग्रीसचा डबा होता, अण्णांनी तो हाताने अडवला. साधं ग्रीस रबराला लागलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा धरते. या पिनांना सिलिकॉनचं वेगळं ग्रीस लागतं. ते नव्हतं, म्हणून पिनेला नुसता ब्रेक ऑइलचा हात फिरवला, तो तात्पुरता. मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरने पॅड मागे रेटले. चाक फिरलं. मोकळं नाही, पण फिरलं.

अण्णांनी हिशेब मांडला. इथून महाबळेश्वर चढाचं आहे, चढावर गाडी थांबवायला गिअर पुरतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, दर तीन किलोमीटरला थांबून चाकाची धग पाहत, मागे पिकअप. "पण महाबळेश्वरच्या पुढे या ब्रेकवर एक पाऊल नाही. ऑपरेशनची तारीख बदलता येते." मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या डोळ्याची तारीख एवढ्या सहज बाजूला ठेवली याचं मला आत कुठेतरी लागलं.

पिकअपवाल्याने महाबळेश्वरपर्यंत सोबत केली, गॅरेज दाखवलं, पैसे घेतले नाहीत. रोपं सुकतील म्हणून तो चहालाही थांबला नाही.

गॅरेजमधला मिस्त्री काळजीने काम करणारा होता. पॅड काढून त्याने माझ्या हातात दिला. घासणारा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता, नख घासलं तर घसरत होतं. असा पॅड कितीही दाबा, डिस्कला पकडत नाही. पिस्टनच्या धुळीच्या रबराखालीही गंजाचं कडं सापडलं. नवे पॅड, रबरांचं किट, दोन्ही पिना आणि बुटं पाचगणीहून मागवावी लागली. डिस्क तपासली, बेअरिंगचा खुळखुळा बघितला. अण्णांनी मागचे ड्रमही उघडायला लावले, सकाळच्या ठोक्यांनी लायनरला चीर गेली आहे का ते पाहायला. नव्हती.

मग ऑइल बदलायचं काम. जुनं सगळं काढून नवं भरायचं आणि चारही चाकांतून हवा काढायची, सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरू करून. त्याला आत बसून पेडल मारणारा माणूस लागतो. मी पुढे झालो तर मिस्त्री म्हणाला, "बाबांना बसवा."

अण्णा सहा-सात वर्षांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. चप्पल काढून ठेवली. उजवा पाय पेडलवर ठेवला, टाच खाली टेकवून, बोटं वर. डोळे मिटून घेतले, तसाही या कामात त्यांचा उपयोग नव्हता. चाकाखालून मिस्त्री म्हणाला, "मारा." अण्णांनी तीनदा दाबलं. "धरा." त्यांनी धरलं. निपल उघडलं, पारदर्शक नळीतून काळपट ऑइल आणि मधेमधे बुडबुडे बाटलीत उतरले, पेडल हळूहळू खाली गेलं आणि तळाला टेकण्याआधीच अण्णा म्हणाले, "बंद." मिस्त्रीने निपल आवळलं. "सोडा." असं किती वेळा झालं मोजलं नाही. एका टप्प्यावर नळीतलं ऑइल मधासारखं स्वच्छ झालं, मिस्त्री म्हणाला, "झालं." अण्णा म्हणाले, "आणखी एकदा. अजून मऊ आहे." त्याने पुन्हा उघडलं. नळीतून मोहरीएवढा एक बुडबुडा गेला.

मिस्त्री चाकाखालून बाहेर आला आणि हात पुसता पुसता काही न बोलता अण्णांकडे बघत राहिला.

निघायला पाच वाजले. पाचगणी ओलांडली आणि पसरणी घाट समोर आला. पाचगणीहून वाई बारा-तेरा किलोमीटरवर, आणि तेवढ्यात साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली यायचं. आमची गाडी माणसं-सामानासकट हजार किलोच्या घरात. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जायला हवी, तिच्यावर सोळा-सतरा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. वाऱ्याशी आणि रस्त्याशी झुंजण्यात थोडी जाते. उरलेली कुठे पाठवायची हे चालवणाऱ्याच्या हातात असतं. इंजिनकडे पाठवली तर ती वाऱ्यावर निघून जाते. ब्रेकवर सगळा भार टाकला तर ती त्या चार-दोन ताटलीएवढ्या लोखंडांत साठत राहते.

"ज्या गिअरवर हा घाट चढला असतास त्याच गिअरवर उतर," अण्णा म्हणाले. सगळे जुने ड्रायव्हर हेच सांगतात. मी दुसरा गिअर टाकला. इंजिनने गाडी पोटाशी धरली. वळणाआधी एकदा ठामपणे ब्रेक दाबायचा, वेग हवा तेवढा उतरला की पूर्ण सोडायचा, म्हणजे पुढच्या वळणापर्यंत डिस्कला वारा मिळतो. हलका पाय सतत ठेवला तर जपून चालवल्यासारखं वाटतं, आणि ब्रेक मात्र भाजत राहतात. आमच्या पुढे सुट्टीहून परतणाऱ्या गाड्यांची रांग होती आणि त्यांतल्या कित्येकांचे मागचे लाल दिवे विझतच नव्हते. काचेतून तोच राळेचा वास आत येत होता. अनेकांकडे आता ऑटोमॅटिक गाड्या आहेत. त्यांतही खालचा गिअर पकडून ठेवायची सोय असते, पण पुष्कळांना ती कुणी दाखवलेलीच नसते. काही जण पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरतात. हल्लीच्या गाड्यांत उलटंच घडतं. गिअरमध्ये, पाय काढून उतरताना इंजिनला पेट्रोल जवळजवळ बंद होतं, न्यूट्रलवर मात्र ते चालू राहायला पेट्रोल पीतच असतं. आणि इंजिनच बंद केलं, तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. बॅटरीवरच्या गाड्या उतारावर चाकांकडून वीज परत घेतात आणि त्यातच गाडी आवरते, पण वरच्या हॉटेलात बॅटरी काठोकाठ भरून निघालं तर ती वीज ठेवायला जागा उरत नाही. घाटाच्या माथ्यावर हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं असं मला फार वाटतं.

एका रुंद वळणावर मी गाडी कडेला घेतली. खाली धोम धरणाचं पाणी तांबूस झालं होतं, कृष्णेची रेघ, वाईची घरं, पलीकडे पांडवगड. पायथ्याशी पसरणी, शाहीर साबळ्यांचं गाव. अण्णांना यातलं किती दिसत होतं कोण जाणे. "धोम दिसतंय?" मी विचारलं. "चकाकतंय काहीतरी," ते म्हणाले, "उद्यानंतर नीट बघू."

वाईत शिरलो तेव्हा दिवे लागले होते. ढोल्या गणपतीच्या अलीकडच्या आळीत आत्याचं घर. ती काठी टेकत दारात येऊन उभी राहिली होती. "किती उशीर रे! सकाळपासून डोळे लावून बसलेय."

"आलो, आलो ताई," अण्णा उतरले, पण तिच्याकडे गेले नाहीत. बॉनेटला एक हात लावून ते पुढच्या डाव्या चाकापाशी वाकले. हाताची पाठ पुढे केली, थांबले. मग पलीकडे उजव्या चाकापाशी गेले. मग पुन्हा डाव्या. मी त्यांच्यामागून तशीच फेरी मारली.

दोन्ही चाकांची धग सारखी होती.